पन्नास हजार पानांची फाइल: अर्जेंटिनाच्या बेपत्ता आयोगाची पार्श्वभूमी

मार्च 1976 मध्ये अर्जेंटिनात लष्कराने सत्ता बळकावली आणि माणसे नाहीशी होऊ लागली. अटकेची नोंद नाही, आरोपपत्र नाही, प्रेतही नाही. घरच्यांनी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे ताब्यातल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा असा, अर्ज केला की ‘ही व्यक्ती आमच्या ताब्यात नाही’ एवढे एका ओळीचे उत्तर यायचे आणि अर्ज निकाली निघायचा. 1982 मध्ये ब्रिटनविरुद्ध फॉकलंड बेटांची लढाई हरल्यावर लष्कराला निवडणूक घ्यावी लागली. पण जाता जाता, सप्टेंबर 1983 मध्ये, जनरल मंडळींनी स्वतःलाच माफी देणारा कायदा करून ठेवला. नव्या संसदेने तो लगेच रद्द केला आणि राष्ट्राध्यक्ष राउल अल्फोन्सिन यांनी 15 डिसेंबरला बेपत्ता व्यक्तींबाबत राष्ट्रीय आयोग नेमला. अध्यक्षपदी लेखक एर्नेस्तो साबातो.

या आयोगाला समन्स काढण्याचा अधिकारच नव्हता. ‘प्लासा दे मायो’च्या आयांना (बेपत्ता मुलांसाठी राजधानीतल्या त्या चौकात निदर्शने करणाऱ्या मातांना) संसदेची चौकशी समिती हवी होती ती याचसाठी, आणि त्यांची शंका रास्त होती. अधिकारी बोलणार नाहीत हे उघड असल्याने आयोगाने सुटून आलेल्या कैद्यांवर भिस्त ठेवली. त्यांचे डोळे बांधलेले असत. म्हणून जिन्याला पायऱ्या किती, फरशी कसली, बाहेरून आवाज कोणते, असे विचारले जाई. एकमेकांना न ओळखणाऱ्यांच्या जबान्या जुळल्या की त्यांना घेऊन प्रत्यक्ष इमारतीची पाहणी होई. गुप्त कोठडी म्हणून वापरलेल्या ब्युनोस आयर्सच्या नौदल यांत्रिकी शाळेत कैद्यांच्या आठवणीतली लिफ्ट जागेवर नव्हती. 1979 मध्ये अमेरिका खंडातील देशांचा आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोग पाहणीला यायच्या आधी ती काढली होती, जिनाही बुजवला होता. खुणा मात्र राहिल्या होत्या.

त्याच सुमारास न्यायाधीशांच्या आदेशावरून बेवारस कबरी बुलडोझरने उकरल्या जात होत्या. हाडे मोडली, एकमेकांत मिसळली, पुरावा म्हणून निकामी झाली. 1984 मध्ये अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ क्लाइड स्नो यांनी हे थांबवायला सांगितले आणि स्थानिक विद्यार्थ्यांना हाताने, थराथराने खणायला शिकवले.

20 सप्टेंबर 1984 रोजी अहवाल सादर झाला: 8,960 बेपत्ता, सुमारे 340 गुप्त कोठड्या, पन्नास हजारांवर पाने. बेपत्तांचा हा आकडा अंतिम नाही, हे अहवालातच म्हटले होते. मानवी हक्क संघटना 30,000 म्हणतात. पण खरी कामाची ठरली ती फाइलच. सरकारी वकील हुलिओ स्त्रासेरा यांनी तिच्यातूनच 709 प्रकरणे निवडली. लष्करी राजवटीच्या नऊ प्रमुखांवरील 1985 च्या खटल्यात आठशेवर साक्षीदार तपासले गेले. नऊपैकी पाच सेनाधिकारी दोषी ठरले, 1976 च्या राजवटीतले लष्करप्रमुख विदेला आणि नौदलप्रमुख मासेरा यांना जन्मठेप झाली.

पुढे माघार सुरू झाली. डिसेंबर 1986 च्या कायद्याने नवे आरोप ठेवायला 60 दिवसांची मुदत घातली. काही न्यायालयांनी जानेवारीची सुटी रद्द करून कामे उरकली. 1987 च्या ईस्टरला लष्करात बंड झाले आणि जूनमध्ये ‘वरिष्ठांचा हुकूम पाळला’ हा बचाव कायद्यातच आला. 1989-90 मध्ये राष्ट्राध्यक्ष मेनेम यांनी उरल्यासुरल्यांनाही माफी दिली.

त्या 1987 च्या कायद्याला एक भोक होते. कोठडीत जन्मलेल्या मुलांची पळवापळवी त्यात बसत नव्हती. पळवलेल्या नातवंडांचा शोध घेणाऱ्या आज्यांच्या संघटनेने त्याच वर्षी राष्ट्रीय जनुकीय बँक उभी करून घेतली होती. आई-बाप हयात नसल्याने आजी-आजोबांच्या रक्तावरून नाते ठरवायचे, ही पद्धत. याच गुन्ह्यासाठी विदेला 1998 मध्ये पुन्हा आत गेले. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायदे घटनाबाह्य ठरवले, आणि 2012 मध्ये मुले पळवण्याच्या खटल्यात विदेला यांना 50 वर्षांची शिक्षा झाली.