पाणी उकळले म्हणजे सगळेच गेले का?

पाणी वीस मिनिटे उकळले की त्यातले सगळे प्रदूषण निघून जाते, म्हणून गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ते बिनघोर द्यावे, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे.

त्यातला अर्धा भाग खरा आहे. उकळल्याने जंतू मरतात, आणि पावसाळ्यात विहिरीला गढूळ पाणी येते तेव्हा गोव्याच्या डिचोली-सत्तरी तालुक्यांतल्या घरांनी ते उकळणे योग्यच आहे. मात्र पाण्यात विरघळलेले शिसे किंवा नायट्रेट उष्णतेने मरत नाही, कारण ते मुळात जिवंतच नसते. वाफ होऊन जाते ते पाणी, क्षार मागेच राहतात. गोव्यातली मिठागरे याच तत्त्वावर चालतात. खात्री करायची असेल तर तांब्याभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून ते निम्मे होईपर्यंत आटवावे आणि निवल्यावर थेंबभर चाखावे.

लिटरमागे ४० मिलिग्रॅम नायट्रेट असलेले २ लिटर पाणी आटून दीड लिटर झाले, तर प्रमाण सुमारे ५३ वर जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली मर्यादा ४५ आहे. जादा नायट्रेटमुळे सहा महिन्यांखालील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते, आणि शिसे तर वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. (पहिले सहा महिने अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचे पाणी लागतच नाही, हे त्या संदेशात कधी नसते.)

म्हणून विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत देताना केवळ जंतूंची नव्हे, तर रासायनिक तपासणीही मागावी आणि अर्जात नायट्रेट व शिसे ही नावे स्पष्ट लिहावीत.