किशोरवयीन बास्केटबॉलपटूंचे वरच्या अंगाचे बलसंवर्धन

बास्केटबॉल खेळणाऱ्या साधारण आठ ते अठरा वयाच्या मुलामुलींचे खांदे, छाती, पाठ, दंड, मनगट आणि पकड यांची ताकद व्यायामाने टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत. साधने साधीच असतात: स्वतःच्या शरीराचे वजन, रबरी बँड, मेडिसिन बॉल (व्यायामाचा वजनदार चेंडू), डंबेल आणि पुढे वजने लावलेला बार. पोट आणि कंबर काटेकोर अर्थाने वरच्या अंगात मोडत नाहीत. पण पायांतून निघालेला जोर हातापर्यंत पोहोचतो तो त्यांच्यातूनच. त्यांना वगळून नुसते दंड फुगवले, तर कोर्टवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ बसवला, तेव्हा मूळ तेरा नियमांत खांदा मारणे, धरणे, ढकलणे यांना मनाई होती. प्रत्यक्षात मात्र रिंगखालच्या जागेसाठी रेटारेटी वाढतच गेली. तरीही विसाव्या शतकात बराच काळ प्रशिक्षक खेळाडूंना वजनांपासून लांब ठेवत. स्नायू आखडतील आणि शॉटचा हात बिघडेल, अशी भीती होती. ही समजूत एका झटक्यात गेली नाही, पण एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये शिकागो बुल्स संघाकडून खेळणाऱ्या मायकल जॉर्डनच्या उदाहरणाने तिचा पाया खचला. १९८८, १९८९ आणि १९९० अशी सलग तीन वर्षे डेट्रॉइट पिस्टन्स या संघाच्या धसमुसळ्या बचावापुढे शिकागो बुल्स बाद झाले. १९८९ मध्ये जॉर्डनने व्यायाम प्रशिक्षक टिम ग्रोव्हर यांच्या मार्गदर्शनाखाली ताकदीचा व्यायाम सुरू केला. १९९१ मध्ये बुल्सनी पिस्टन्सना ४-० असे हरवले आणि पहिले विजेतेपद मिळवले. श्रेय एकट्या व्यायामाचे नव्हे, हे उघड आहे. शिवाय जॉर्डन तेव्हा पूर्ण वाढ झालेला सव्विशीतला माणूस होता. त्याच्या व्यायामाचा तक्ता नेटवरून उतरवून तेरा वर्षांच्या मुलाला देणाऱ्यांना ही गोष्ट आठवत नाही.

उलट बाजूचे उदाहरण अमेरिकी खेळाडू केव्हिन ड्युरंटचे. २००७ च्या एनबीए ड्राफ्टपूर्वीच्या (ड्राफ्ट म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडणे) चाचणीत १८५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८४ किलोंचा बार बेंच प्रेसमध्ये, म्हणजे बाकावर उताणे झोपून छातीवरून वर ढकलताना, त्याला एकदाही उचलता आला नाही. तो अठरा वर्षांचा होता आणि त्याची बरीच चेष्टा झाली. त्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला हाच मुलगा पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला, २०१०मध्ये लीगमध्ये सर्वाधिक सरासरीने गुण करणारा आजवरचा सर्वांत तरुण खेळाडू बनला आणि २०१४मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मानकरी झाला. लांब हातांच्या खेळाडूवर ही चाचणी मुळातच अन्याय करते, कारण बारला छातीपासून वर जास्त अंतर कापावे लागते. नेमके तेच लांब हात शॉट सोडताना आणि अडवताना कामाला येतात. म्हणून बेंच प्रेसचा आकडा हे मुलाच्या बास्केटबॉलचे माप मानणे चूक आहे. ड्युरंटलाही पुढे ताकद कमवावी लागलीच. पण ती खेळासाठी होती, चाचणीसाठी नव्हे.

कोर्टवर ही ताकद लागते कुठे? बॉक्स आउट करताना, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पाठीमागे अडवून रिंगखालची जागा राखताना, पाठीवर आलेला प्रतिस्पर्धी कोपरे आणि खांदे न हलू देता पेलावा लागतो. रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा परतलेला चेंडू, हाती आल्यावर दोन-तीन हात चेंडूवर झडप घालतात, तेव्हा तो हनुवटीखाली घट्ट धरून कोपरे बाहेर काढायची असतात. इथे पकड आणि पाठीचे स्नायू काम करतात. लेअपच्या, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून घेतलेल्या शॉटच्या, वेळी दंडाला धक्का बसूनही शॉट पूर्ण करणे, कोर्टच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ पास फेकणे, बचावात हात वर ठेवून चार क्वार्टर न थकणे, हेही त्यातच येते. शेवटची गोष्ट सर्वांत दुर्लक्षित. हात खाली पडले की बचाव संपला, आणि ते पडतात खांदे दमल्यामुळे.

शॉटच्या बाबतीत गणित थोडे वेगळे आहे. शॉटचा मुख्य जोर पायांतून येतो. दंडामागचा ट्रायसेप्स कोपर सरळ करतो आणि मनगट शेवटची दिशा व फिरकी देते. हात कमजोर असेल, तर चेंडू वर न जाता सपाट जातो. रिंगचा व्यास सुमारे ४६ सेंटीमीटर आणि मोठ्या चेंडूचा सुमारे २४. चेंडू ४५ अंशांतून उतरला, तर त्याला रिंगचे तोंड सुमारे ३२ सेंटीमीटरचे मिळते; ३० अंशांतून आला, तर जेमतेम २३चे. म्हणजे तो कड्याला न लागता आत जाऊच शकत नाही.

आता एखाद्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या सात नंबरच्या चेंडूने शॉट मारताना पाहा. चेंडूचे वजन सुमारे ६०० ग्रॅम आणि रिंग ३.०५ मीटरवर. मुलगा चेंडू उजव्या कमरेपाशी नेतो, अंग पिळतो, दोन्ही हातांनी गोफण मारावी तसा भिरकावतो. कोपर बाहेर गेलेले असते, डावा हात चेंडूला बाजूने ढकलतो. चेंडू कधीकधी आतही पडतो, आणि तिथेच घात होतो. हजारदा घोटलेली ही सवय पंधराव्या वर्षी ताकद आल्यावरही जात नाही. यावर पहिला उपाय व्यायामाचा नाही. लहान मुलांना पाच नंबरचा, ५०० ग्रॅमहून हलका चेंडू द्यावा आणि रिंग खाली आणावी. ‘फिबा’ या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या मिनी (लहान मुलांच्या) बास्केटबॉल नियमांत रिंगची उंची २.६० मीटर असते, ती याचसाठी. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत मैदानावर एकच खांब, एकच उंची आणि हाताला लागेल तो चेंडू असा कारभार असतो. तिथे निदान मुलांना रिंगच्या जवळून शॉट घ्यायला लावणे तरी प्रशिक्षकाच्या हातात आहे.

लहान वयात वजन उचलले की उंची खुंटते, ही समजूत महाराष्ट्रातल्या घराघरांत पक्की आहे. हाडांच्या टोकांजवळ वाढीचा मऊ कूर्चेचा थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिला इजा झाल्याच्या ज्या नोंदी पूर्वी प्रसिद्ध झाल्या, त्या बहुतांशी चुकीच्या पद्धतीने आणि देखरेखीशिवाय जड वजन उचलण्याशी जोडलेल्या होत्या. नीट आखलेल्या आणि जाणकाराच्या नजरेखालच्या व्यायामाने वाढ खुंटते, असे आढळलेले नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये अशा व्यायामाला अनुकूल मत दिले. मात्र हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत कमाल वजन उचलण्याच्या चढाओढीपासून लांब राहावे, असेही तिने २००८मध्ये बजावले होते. गंमत म्हणजे उडी मारून जमिनीवर आदळताना मुलाच्या हाडांवर येणारा भार हलक्या डंबेलपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

वयात येण्याआधी मुलांची ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागतात म्हणून. स्नायू फारसे फुगत नाहीत. त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाने आरशात दंड पाहून निराश होण्याचे कारण नाही. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते. या काळात हात लांब होतात, ताकद मागे पडते आणि चांगला बसलेला शॉट अचानक चुकू लागतो. अशा वेळी वजन वाढवण्यापेक्षा पद्धत सांभाळणे आणि धीर धरणे बरे.

सुरुवात पुशअपने करावी, आणि तीही जमिनीवर नव्हे. मूल आधी भिंतीवर, मग बाकावर हात टेकून करते. जमिनीवर आल्यावर तीन ठिकाणी लक्ष ठेवायचे: कंबर खाली लचकते का, कोपरे अंगापासून काटकोनात फाकतात का, आणि वर आल्यावर पाठीवरची खांद्याची पाती पंखांसारखी उचललेली दिसतात का. पाती उचलली जात असतील, तर बरगड्यांवरचा सेरेटस स्नायू कमजोर आहे. त्या मुलाला अजून डोक्याच्या वर वजन उचलायला द्यायचे नाही. पाच नीट पुशअप वीस वेड्यावाकड्यांपेक्षा मोलाचे. तालमीतले जोरही चालतात, त्यांनी खांदा मोकळा होतो. पण शंभर-शंभर जोरांच्या पैजा इथे नकोत.

ढकलण्याच्या व्यायामाइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, ओढण्याचा व्यायाम हवा. मुलांना छाती आणि दंडाचे वेड असते, पाठ दिसत नाही म्हणून राहून जाते आणि खांदे पुढे झुकतात. कमरेच्या उंचीवर पक्क्या बसवलेल्या बारखाली आडवे होऊन छाती बारकडे ओढणे, नुसते लटकणे, आणि मग पुलअप (लटकून अंग वर ओढणे) हा क्रम सोपा आहे. जवळपास दोरीचा मल्लखांब असेल, तर पकड आणि पाठ यांसाठी त्याच्या तोडीचे साधन क्वचितच सापडेल. रोटेटर कफ हे खांद्याचा सांधा जागेवर धरणारे चार छोटे स्नायू. त्यांच्यासाठी कोपर कुशीला लावून बँड बाहेर ओढतात. दोन किलोंचा मेडिसिन बॉल भिंतीवर छातीतून फेकणे पासच्या सर्वांत जवळचे आहे. खांद्यावरून डंबेल वर नेणे साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी, तंत्र बसल्यावर, बार त्यानंतर.

प्रमाण म्हणून अमेरिकेतील नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशनने २००९ मध्ये मांडलेली चौकट उपयोगी आहे: एका व्यायामाचे एक ते तीन सेट (सलग आवृत्त्यांचे गट), प्रत्येकी ६ ते १५ आवृत्त्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस आणि तेही लागोपाठ नव्हे. ठरलेल्या आवृत्त्या सहज होऊ लागल्या की भार ५ ते १० टक्क्यांनी वाढवायचा. खांद्याच्या आत टोचल्यासारखे दुखले, तर त्या दिवशी तो व्यायाम थांबवावा.

मुलींना यातून सहसा वगळले जाते, अंग पुरुषी होईल म्हणून. तसे होत नाही. उलट वयात आल्यावर मुलग्यांच्या वरच्या अंगाची ताकद आपोआप झपाट्याने वाढते, मुलींची तेवढी वाढत नाही. म्हणजे व्यायामाची गरज त्यांनाच अधिक. अमेरिकन महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलने १९८४-८५च्या हंगामापासून लहान आकाराचा चेंडू स्वीकारला. आज महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतही सहा नंबरचाच चेंडू असतो. रिंगची उंची मात्र पुरुषांइतकीच आहे.

सामन्यांच्या हंगामात आठवड्यातून एकदा-दोनदा, कमी सेटचा व्यायाम पुरतो. तो शॉटच्या सरावानंतर ठेवावा, आधी नव्हे, कारण थकलेल्या हाताने मारलेले शॉट चुकीची पद्धत घोटतात. व्यायाम पूर्ण बंद केला, तर कमावलेली ताकद काही आठवड्यांत ओसरू लागते. दहावीच्या वर्षात बहुतेकांचे नेमके हेच होते. परीक्षा संपल्यावर परतणाऱ्या मुलाने जुन्या वजनावर हात न टाकता पुन्हा पुशअप आणि बँडपासून सुरुवात करावी.