अल्बुकर्कीच्या परिषदेची पार्श्वभूमी

न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात फेब्रुवारी महिन्यात 'साउथवेस्ट पॉप्युलर/अमेरिकन कल्चर असोसिएशन' या लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासकांच्या संस्थेची परिषद भरते. 2019 साली ती 40 वी होती. वेस्टर्न चित्रपट, कॉमिक्स, रहस्यकथा, टीव्ही मालिका, व्हिडिओ गेम अशा विषयांवर प्राध्यापक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी तिथे निबंध वाचतात. या विषयांना विद्यापीठात जागा मिळवून देताना एका पिढीची उमेद खर्ची पडली आहे.

1960 च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या इंग्रजी विभागांचा भर अभिजात साहित्यावर होता. लोकगीते आणि लोककथांना अभ्यासकांनी प्रतिष्ठा मिळवून दिली होती, पण छापखान्यांतून आणि स्टुडिओंतून लाखोंच्या संख्येने बाहेर पडणारी करमणूक तिथे जवळजवळ कोणाच्याच अभ्यासाचा विषय नव्हती. या करमणुकीच्या अभ्यासाचा पाया घालणारे रे ब्राउन मुळात लोकसाहित्याचेच अभ्यासक. अलाबामातल्या लोकगीतांवर त्यांनी काम केले होते. 1967 साली ते ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात आले आणि त्याच वर्षी त्यांनी 'जर्नल ऑफ पॉप्युलर कल्चर' हे नियतकालिक सुरू केले. 1969 मध्ये तिथे लोकप्रिय संस्कृतीचा स्वतंत्र ग्रंथसंग्रह उभा राहिला, 1973 मध्ये स्वतंत्र विभाग. संग्रह विभागाच्या आधी झाला, हे फार शहाणपणाचे होते. स्वस्त कादंबऱ्या आणि मासिके आम्लयुक्त कागदावर छापलेली असत. तो कागद पिवळा पडतो, घडीवर तुटतो, आणि ग्रंथालये असली पुस्तके जपतही नसत. मूळ साधनेच हाती नसतील तर विद्यार्थ्यांना शिकवायचे कशावरून?

'पॉप्युलर कल्चर असोसिएशन' या राष्ट्रीय संघटनेचे बीज 1969 च्या टोलेडो अधिवेशनात पडले. हे अधिवेशन अमेरिकन स्टडीज असोसिएशनचे होते. तिथे या विषयांना पुरेसा वाव नाही असे वाटणाऱ्या ब्राउन, रसेल नाय, मार्शल फिशविक प्रभृतींनी वेगळी चूल मांडायचे ठरवले. या नव्या संघटनेची पहिली राष्ट्रीय परिषद एप्रिल 1971 मध्ये मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगला झाली.

प्रादेशिक संस्थांची गरज भूगोलातून आणि पैशांतून आली. लहान महाविद्यालयातल्या शिक्षकाला प्रवासभत्ता जेमतेम मिळतो, तासिका भरपूर असतात. देशाच्या दुसऱ्या टोकाला चार दिवस जाणे त्याला परवडत नाही. म्हणून दक्षिण, मध्यपश्चिम, ईशान्य, मध्य-अटलांटिक आणि नैर्ऋत्य अशा भागांत आपापले पदाधिकारी असलेल्या संस्था उभ्या राहिल्या. नैर्ऋत्येकडच्या, म्हणजे अल्बुकर्कीत परिषद भरवणाऱ्या, संस्थेच्या नावात पूर्वी टेक्सासही होते.

या परिषदांचा खरा कणा म्हणजे 'एरिया', म्हणजेच विषयगट. प्रत्येक गटाला एक प्रमुख. तो आवाहन काढतो, शरद ऋतूत सारांश मागवतो, तीन-चार निबंधांचे एक सत्र बांधतो आणि दीड तासात चर्चेसह ते बसवतो. प्रत्येकाला साधारण 15 मिनिटे, म्हणजे दुहेरी अंतराने टंकलेली सात-आठ पाने. घोटाळा इथेच होतो: वीस पाने आणणारा वक्ता शेवटच्या माणसाची चर्चेची वेळ खाऊन टाकतो. ऐनवेळी दोघे आले नाहीत तर उरलेल्या दोघांचे विषय एकमेकांशी जुळत नाहीत. कसलेला प्रमुख म्हणूनच शेजारच्या गटाशी आधी बोलून ठेवतो, म्हणजे उरलेले निबंध तिकडे हलवता येतात.

नवा गट काढणे सोपे असते, आणि ही मोकळीक मला या संस्थेची सर्वांत मोठी देणगी वाटते. ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या अभ्यासकांचा गट 1998 पासून या परिषदेत जमू लागला. संगीतशास्त्र, समाजशास्त्र, धर्म, अर्थव्यवहार अशा निरनिराळ्या अंगांनी वर्षानुवर्षे एकाच बँडवर काम झाले, आणि पुढे या अभ्यासकांची स्वतंत्र संस्था निघाली. दरम्यान 2008 साली बँडने आपला दस्तऐवजसंग्रह सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाला दिला होता. त्यामुळे साधनांचाही प्रश्न सुटला.

मोकळीक दिली की दर्जाचा प्रश्न येतोच. परिषदेतला निबंध बढतीच्या वेळी फारसा मोजला जात नाही. त्यावर उपाय म्हणून तज्ज्ञांकडून तपासून घेतलेली नियतकालिके निघाली: दक्षिणेचे 'स्टडीज इन पॉप्युलर कल्चर', मध्यपश्चिमेचे 'पॉप्युलर कल्चर स्टडीज जर्नल', नैर्ऋत्येचे 2014 पासूनचे 'डायलॉग'. 'डायलॉग'चा भर अध्यापनावर आहे, कारण इथले बरेच सदस्य आधी वर्गात शिकवणारे असतात आणि मग संशोधक.