डर्बी वेगळी, हॅन्डिकॅप वेगळी

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या स्टँडात दर रविवारी एक तज्ज्ञ भेटतोच. लागोपाठ दोन शर्यती आरामात मारलेला घोडा तिसरीत मागे पडला, की हा गृहस्थ रेसबुक मांडीवर आपटून निकाल देतो, "सेटिंग! मुद्दाम हरवला! बघा, डर्बीत असं होतं का?" नाही होत. कारण ती शर्यतच वेगळ्या प्रकारची आहे, आणि वर्षानुवर्षं रेस बघणाऱ्यांनाही हे सांगावं लागतं याचा आता कंटाळा आलाय.

डर्बी समजावून सांगायला नको. 2400 मीटर, चार वर्षांचे घोडे, फेब्रुवारी, टोप्या, फोटो. पहिली इंडियन डर्बी 1943 सालची. ती जिंकली बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या फिलीने, म्हणजे तरुण घोडीने, वर जॉकी एडगर ब्रिट. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट एकच: सगळ्यांच्या पाठीवर सारखं वजन. फिलीला थोडी सूट, बाकी कुणाला काही नाही.

घोळ होतो तो हॅन्डिकॅपमध्ये, आणि दिवसभरातल्या बहुतेक शर्यती हॅन्डिकॅपच असतात. क्लबचा हॅन्डिकॅपर प्रत्येक घोड्याची कामगिरी पाहून त्याला रेटिंग देतो, आणि त्या रेटिंगवर वजन ठरतं. एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. क्लास थ्री घ्या, 40 ते 66 रेटिंगचे घोडे. 66 वाल्याच्या पाठीवर 62 किलो आले, तर 40 वाल्याच्या पाठीवर 49. तेरा किलोंचा फरक! हे वजन जॉकी आणि खोगीर धरून असतं. जॉकी हलका पडला तर उरलेल्याचं शिसं भरतात. घोडा जिंकला की रेटिंग चढतं, पुढच्या वेळी वजन वाढतं, आणि फार चढलं तर वरच्या क्लासात जाऊन तगड्या घोड्यांशी गाठ पडते. दोन शर्यती मारून तिसरी हरणं यात नवल ते काय? हॅन्डिकॅपरच्या मनातली आदर्श शर्यत म्हणजे सगळे घोडे एकाच वेळी विनिंग पोस्टला पोचणं. सगळ्यांत चांगला कोण, हे डर्बी ठरवते. हॅन्डिकॅप जिंकतो तो आज आपल्या रेटिंगपेक्षा सरस पळालेला घोडा. म्हणून एक नंबरचं सॅडलक्लॉथ, म्हणजे खोगिराखालचं नंबराचं कापड, बघून पैसे लावणाऱ्यांची मला कीव येते. तिथे एक नंबर म्हणजे सर्वांत जास्त वजन, एवढंच.

याचा अर्थ हॅन्डिकॅप धुतल्या तांदळासारखी असते असा नाही. रेटिंग उतरलं की वजनही उतरतं, त्यामुळे घोड्याला मुद्दाम रेंगाळत ठेवण्याचा मोह असलाच तर याच शर्यतींत. धाव विचित्र वाटली की स्टुअर्ड्स, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणारे अधिकारी, ट्रेनर-जॉकीला बोलावून खुलासा मागतात, ते काही उगाच नाही. पण वजन न वाचता ‘सेटिंग’ ओरडणं हा आळस आहे. डर्बीत तर हरून पदरात काहीच पडत नाही. चार वर्षांच्याच घोड्यांची शर्यत, म्हणजे घोड्याला ती आयुष्यात एकदाच.

स्टड फार्मवाल्यांचा, म्हणजे घोड्यांची पैदास करणाऱ्यांचा, जीव डर्बीत अडकलेला असतो तोही याचमुळे. कुठल्या घोड्याची पिल्लं हवीत, हे सारख्या वजनावर पळवल्याशिवाय कळत नाही. 1946 साली सुरू झालेला पूनावालांचा स्टड असो की दुसरा कुठला, जाहिरातीत क्लासिक, म्हणजे डर्बीसारखी मानाची शर्यत, जिंकल्याचं आधी छापतात. क्लास फोरच्या हॅन्डिकॅपने वंशावळ सजत नाही. जॉकी वसंत शिंदेंनी पळवलेला स्क्वॉन्डरर 19 पैकी 18 शर्यती जिंकला, त्याचं नाव जुने रेसवाले अजून काढतात. तरीही दुपार घालवायची असेल तर मला सर्वांत वरच्या क्लासची, क्लास वनची, चुरशीची हॅन्डिकॅप द्या. टॉपवेट, म्हणजे सर्वांत जास्त वजन, घेऊन शेवटच्या दोनशे मीटरमध्ये कुणालाही पुढे जाऊ न देणारा घोडा बघण्यात जी मजा आहे, ती एकतर्फी डर्बीत नाही.

बाकी गोंधळ किरकोळ. सॅडलक्लॉथचा नंबर आणि गेटचा ड्रॉ, म्हणजे चिठ्ठीने मिळालेली सुटण्याची जागा, वेगळे. कंपनीच्या नावाची ट्रॉफी दिली म्हणून ती शर्यत डर्बी होत नाही.

आणि इंग्लंडमधली एप्समची डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची, आपली चारच्या, म्हणजे आपण ‘म्हातारे’ घोडे पळवतो असं लिहिणाऱ्यांनी कॅलेंडर उघडावं. इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे 1 जानेवारीला सगळ्या थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, घोड्यांचं वय एकदम एका वर्षाने वाढतं. एप्सम जूनच्या सुरुवातीला, महालक्ष्मी त्यापुढच्या फेब्रुवारीत. खरा फरक आठ महिन्यांचा. डिसेंबरात आपली गिनी ही क्लासिक शर्यत पळते तेव्हा हेच घोडे कागदावर तीन वर्षांचे असतात, आणि सप्टेंबरात पुण्याला सेंट लेजर ही दुसरी क्लासिक पळायला येतात तेव्हा चारचे.