सिनेमातली आगगाडी फूटपट्टीने मोजताना

जुन्या चित्रपटात वाफेचं इंजिन धूर ओकत फलाटात शिरलं की आगगाड्यांची छोटी मॉडेलं करणाऱ्याचा हात आपसूक पॉजच्या बटणाकडे जातो. त्यात वावगं काही नाही. संग्रहालयातलं इंजिन पुसून, रंगवून, भोवती साखळी लावून उभं केलेलं असतं. चित्रपटातलं इंजिन कामावर असतं. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यात, कोळसा कसा रचलाय, भट्टी पेटती ठेवणारा फायरमन कुठे पाय ठेवून वर चढतो, वाफ कुठून गळते, हे आराखड्यात सापडत नाही. घोटाळा पुढे होतो. थांबवलेलं चित्र छापून त्यावर पट्टी ठेवली जाते आणि निघालेल्या मापावर थेट प्लास्टिक शीट कापली जाते.

चित्रावरून माप काढायचं तर चित्रातली एक तरी वस्तू आधीपासून मापात ठाऊक हवी. भारतीय ब्रॉडगेजवर अशा वस्तू भरपूर आहेत. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर १६७६ मिमी. १९४७ पासून आलेलं, बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचं डब्ल्यूपी इंजिन घेतलं तर त्याच्या मोठ्या चाकांचा व्यास ५ फूट ७ इंच, म्हणजे १७०२ मिमी. मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूजीचं चाक लहान, १५६२ मिमी. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून बनू लागलेला आयसीएफ डबा तर चालतीफिरती मोजपट्टीच आहे: सांगाडा २१,३३७ मिमी लांब आणि ३,२४५ मिमी रुंद, दोन बोग्यांच्या मध्यांमधलं अंतर १४,७८३ मिमी, एका बोगीतल्या दोन आसांमधलं २,८९६ मिमी, चाक ९१५ मिमी. (बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. आपण डब्यालाच बोगी म्हणतो, पण मापं काढताना ही सवय महागात पडते.) एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ ला, हाच डबा २४५ मिमी लांब आणि ३७.३ मिमी रुंद होतो, आणि त्याचं चाक १०.५ मिमीचं.

मोजण्याआधी चित्र स्वतः सरळ आहे का ते पाहायचं. त्याला उत्तम साधन म्हणजे चाक. इंजिन बरोबर बाजूने दिसत असेल तर चाक गोलच दिसलं पाहिजे. पडद्यावर ते १८८ पिक्सेल रुंद आणि २१२ पिक्सेल उंच भरलं तर कुणीतरी चित्र आडवं दाबलंय, रुंदीला १.१३ ने गुणून ते पूर्ववत करायचं. डीव्हीडीवरून घेतलेल्या चित्रात हे हमखास होतं, कारण ७२०×५७६ ची चौकट प्रत्यक्षात ७६८×५७६ अशी दाखवायची असते आणि चित्र साठवणारं सॉफ्टवेअर दर वेळी ही दुरुस्ती करतंच असं नाही. कापाकापी हा निराळा प्रकार. 'शोले'तला आगगाडीचा प्रसंग पनवेल–उरण मार्गावर चित्रित झाला. चित्रपट ३५ मिमी फिल्मवर घेऊन नंतर ७० मिमीवर वाढवला होता आणि ७० मिमीची चौकट (रुंदी:उंची) २.२:१ असते. त्यामुळे एकाच दृश्याच्या दोन प्रतींत वरचा-खालचा भाग कमीजास्त दिसतो. रुळांपर्यंतची चाकं हवी असतील तर दोन्ही प्रती चाळाव्यात.

किती बारकावा मिळेल याचा हिशोबही आधीच करावा. पूर्ण डबा, बफरपासून बफरपर्यंत (बफर म्हणजे टोकाला धक्का झेलणारे गोल दट्टे) २२.३ मीटर, हाय डेफिनिशन चित्रात १६०० पिक्सेलमध्ये मावला तर एक पिक्सेल म्हणजे प्रत्यक्षातले १४ मिमी आणि मॉडेलवरचे ०.१६ मिमी. हे उत्तमच. जुन्या प्रतीत तोच डबा ६०० पिक्सेलचा असेल तर एक पिक्सेल ३७ मिमीचा होतो, मॉडेलवर ०.४३ मिमीचा. अशा चित्रातून खिडक्यांची मापं निघतात, रिव्हेट मोजता येत नाहीत. जे दिसतंय असं वाटतं ते बहुधा फिल्मचे कण किंवा डिजिटल प्रतीतले खोटे ठिपके असतात.

आता खरी अडचण. गाडी बरोबर बाजूने क्वचितच दिसते. दिग्दर्शकाला तिरकी, अंगावर येणारी गाडी आवडते. कॅमेऱ्यातली प्रतिमा अंतराच्या व्यस्त प्रमाणात लहान होते. डब्याचं जवळचं टोक कॅमेऱ्यापासून १० मीटरवर आणि दूरचं ३० मीटरवर असेल तर सारख्याच दोन खिडक्यांपैकी दूरची तिप्पट लहान दिसते. अशा चित्रावर सरळ त्रैराशिक मांडलं की माप चुकणारच.

इथे भूमितीचा एक जुना गुण कामी येतो: चित्र तिरकं असलं तरी सरळ रेषा सरळच राहते. डब्याची बाजू हा आयत आहे. चित्रात त्याचे दोन कर्ण आखले की ते जिथे छेदतात तिथेच डब्याचा खरा मध्य असतो, चित्रातला तो भाग कितीही सरकलेला दिसो. दोन टोकं आणि मध्य असे तीन बिंदू हाती आले की चौथा कुठलाही बिंदू गणिताने काढता येतो.

एक उदाहरण पुरं करू. डब्याच्या खालच्या कडेवर दूरचं टोक शून्य धरलं. जवळचं टोक १००० पिक्सेलवर आहे. कर्णांच्या छेदातून उभी रेषा खाली आणली, ती ४०० पिक्सेलवर पडली. खिडकीची एक कड ७०० पिक्सेलवर आहे. पूर्ण लांबीला ल, मध्याला म आणि हव्या त्या बिंदूला प म्हणा. मग खरं स्थान = प×(ल−म) भागिले [ल×म + (ल−२म)×प]. आकडे घातले की ७००×६०० = ४,२०,००० आणि खाली ४,००,००० + २००×७०० = ५,४०,०००. उत्तर ०.७७८. म्हणजे ती कड दूरच्या टोकापासून १६.६ मीटरवर आहे. त्रैराशिकाने ०.७०, म्हणजे १४.९ मीटर आलं असतं. मॉडेलवर हा फरक १९ मिमीचा आहे. पूर्ण खिडकी शेजारच्या कुपेत जाऊन बसते.

ही युक्ती एकाच प्रतलातल्या बिंदूंना लागू पडते. डब्याच्या भिंतीवरून काढलेला हिशोब डब्याखाली आतल्या बाजूला दडलेल्या बॅटरीच्या पेटीला लावला तर पेटी सरकते. समोरून घेतलेल्या चित्रात हीच चूक वेगळ्या रूपात येते. रुळांमधलं अंतर ठाऊक आहे म्हणून चौकटीच्या तळाशी ते मोजायचं आणि त्यावरून बफरची उंची काढायची. पण तळाचे रूळ कॅमेऱ्यापासून ८ मीटरवर असतील आणि बफर १० मीटरवर, तर मोजमापात २० टक्क्यांचा खड्डा पडतो. रूळ मोजायचे ते बफरच्या बरोबर खाली. आणि हे अंतर स्वतःच्या टेबलावरच्या रुळांशी ताडून पाहू नये. बाजारातला एचओ रूळ १६.५ मिमीचा असतो, तो १४३५ मिमीच्या युरोपीय-अमेरिकी गेजसाठी. आपलं ब्रॉडगेज १:८७ ला १९.३ मिमी येतं. बहुतेक जण सोयीसाठी १६.५ वरच गाडी चालवतात, ते ठीकच आहे, पण त्या अरुंद रुळावरून इंजिनाची रुंदी ठरवली तर इंजिन काठीसारखं दिसतं.

चौकट निवडताना वेगाकडेही लक्ष हवं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटी घेतो आणि प्रत्येक चौकट साधारण १/४८ सेकंद उघडी असते. ७२ किमी वेगाने जाणारं इंजिन तेवढ्यात ४२ सेंमी सरकतं, मॉडेलवर जवळपास ५ मिमी. चित्र कितीही स्वच्छ असलं तरी कडा फाटलेल्याच येणार. गाडी सुटतानाचं दृश्य शोधावं. १८ किमी वेगाला डब्ल्यूपीचं चाक एका फेऱ्याला सुमारे २६ चौकटी घेतं, त्यामुळे चाकं जोडणारे दांडे कुठल्या क्षणी कुठे असतात ते एकेक पायरी पाहता येतं. व्हीएलसीमध्ये ई दाबलं की चौकट पुढे सरकते. ७२ किमी वेगात फेऱ्याला जेमतेम सहा चौकटी मिळतात. इथे एक गोष्ट चित्रपट कधीच दाखवत नाही: इंजिनाची दुसरी बाजू. दोन सिलिंडरच्या इंजिनात डाव्या-उजव्या बाजूचे क्रँक (दांडा चाकाला जोडतात त्या जागा) ९० अंशांनी पुढेमागे असतात, म्हणजे एक बाजू मृतबिंदूवर, दांड्याला चाक फिरवता येत नाही अशा जागी, अडली तरी दुसरी ढकलते. चित्रात दिसलेली स्थिती दोन्ही बाजूंना तशीच बसवणारे पुष्कळ आहेत. स्थिर मॉडेलमध्ये जाणकाराला ते खुपतं. चालत्या मॉडेलमध्ये चाकं अडखळतात.

पण याहून आधीचा प्रश्न असा, की कॅमेऱ्यासमोर खरोखर काय उभं होतं? विमानांची मॉडेल करणारे यात चांगले पोळलेले आहेत. ब्रिटनच्या हवाई लढाईवरच्या १९६९ च्या चित्रपटातली जर्मन मेसरश्मिट विमानं ही स्पेनमध्ये बनलेली बुचोन होती आणि त्यांत ब्रिटिश रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन होतं. जर्मन इंजिन उलटं बसवलेलं, म्हणून त्याची धुराडी खाली, मर्लिनची वर. नाकाचा आकारच बदलतो. रेल्वेत सोंग वेगळं असतं. सत्यजित राय यांच्या 'नायक'मधला (१९६६) डबा कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी स्टुडिओत उभारला होता. आसनांचं कापड, दिवे, कड्या-कोयंडे पाहायला असा सेट फार उपयोगी. बोळाची रुंदी त्यावरून घ्यायची नाही, कारण सेटच्या भिंती कॅमेऱ्याच्या सोयीने हलतात. उलट '२७ डाउन'मध्ये (१९७४) कॅमेरा खऱ्या गर्दीत, खऱ्या बोरीबंदर स्थानकात शिरलेला आहे. फलाटावरचे खांब, हातगाड्या, बाकं यांसाठी त्याच्याइतकी भरवशाची चित्रफीत शोधून सापडायची नाही.

अपघाताच्या दृश्यात तर समोर दुसऱ्याच कुणाचं मॉडेल असू शकतं. ते ओळखायला गुरुत्वाकर्षण मदत करतं. २० मीटर उंच पुलावरून पडणाऱ्या डब्याला खाली यायला दोन सेकंद लागतात. १:८७ चा डबा २३ सेंमी पडतो, ०.२२ सेकंदात. वेळ स्केलच्या वर्गमुळाने, म्हणजे ९.३ पटीने, कमी होते, म्हणून अशी दृश्यं सेकंदाला दोनशेहून अधिक चौकटींनी टिपून सावकाश दाखवावी लागतात. तेही केलं तरी पाण्याचे थेंब आणि ज्वाळा लहान होत नाहीत. नदीत पडलेल्या 'इंजिना'भोवती फुटबॉलएवढे थेंब उडाले की समजावं.

संकलक कधीकधी दृश्य आरशासारखं उलटवतात, गाडीची दिशा मागच्या दृश्याशी जुळावी म्हणून. मग इंजिनावरच्या पंपापासून पायऱ्यांपर्यंत सगळं भलत्या बाजूला जातं. अक्षरं दिसत असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर माणसं पाहा: पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते, घड्याळ बहुधा डाव्या हातात असतं, पदर डाव्या खांद्यावर. पदरावर एकट्यावर विसंबू नये. गुजराती पद्धतीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो, आणि मुंबईच्या फलाटावर तो काही कमी दिसत नाही. काळ-स्थळ पडताळायला वर पाहावं. बोरघाटातला मुख्य मार्ग १९३० च्या सुमारास विजेवर गेला, त्यामुळे खंडाळ्याच्या पाटीमागे वर तारा नसतील आणि वाफेचं इंजिन धापा टाकत असेल तर पाटीच खोटी समजायला हरकत नाही.

रंगाच्या बाबतीत चित्रपटावर सर्वांत कमी भरवसा ठेवावा. मूकपटांच्या काळातली जुनी फिल्म लाल रंगाला आंधळी होती, तिच्यात लाल काळं दिसतं. पुढच्या कृष्णधवल फिल्मला सगळे रंग दिसतात, पण मरून आणि गडद हिरवा यांची राखाडी छटा एकसारखी येऊ शकते. रंगीत छापील प्रतींत निळसर हिरवं रंगद्रव्य आधी उडतं, म्हणून साठ-सत्तरच्या दशकातल्या कित्येक प्रती गुलाबी पडल्या आहेत. त्यात मरून डबा जांभळट आणि झाडं विटकरी. दृश्यात स्थानकाची पिवळी पाटी, तिच्यावरची काळी अक्षरं आणि उन्हातला पांढरा सदरा एकत्र मिळाले तर त्या तिघांवरून चित्राचा रंग बराचसा मूळपदावर आणता येतो. एवढं करून मिळालेला रंगही १:८७ ला गडद वाटतो, म्हणून त्यात दहा-पंधरा टक्के पांढरा मिसळतात.

चित्रपटाचं खरं देणं मळ दाखवण्यात आहे. वॉटर कॉलमच्या (रुळांलगतच्या पाण्याच्या उंच नळाच्या) सोंडेतून टेंडर भरताना पाणी सांडतं आणि मागच्या पत्र्यावरून ओघळतं. त्या पाण्यातले क्षार वाळून पांढुरक्या रेघा उमटतात, तशाच सेफ्टी व्हॉल्व्हभोवती आणि बॉयलर धुण्याच्या झाकणांखालीही. या रेघा टोकदार ब्रशने वरून खाली ओढायच्या आणि ओल्या असतानाच ओलसर सपाट ब्रशने कडा मऊ करायच्या. दांडे मात्र चमकतात, कारण ते तेलकट असतात. त्यांवर पूड मारून ते मळकट करण्याची हौस बरी नव्हे. डब्याच्या बोग्यांवर दिसणारा तांबूस थर बिडाच्या ब्रेक-ठोकळ्यांच्या गंजलेल्या पुडीचा असतो, तो चाकांजवळ दाट आणि वर विरळ. संडासाच्या नळीखालची रेघ कुणी काढत नाही, पण ती चित्रपटात असते. टेंडरमधला कोळसा खऱ्या कोळशाचाच करावा: खलात कुटून चहाच्या गाळणीतून चाळला की गाळणीवर एक ते दोन मिमीचे खडे उरतात. फायरमनच्या फावड्यात मुठीएवढे ढेकूळ दिसतात, ते १:८७ ला एवढेच भरतात. खाली पडलेली पूडही टाकू नये. फायरमन उभा राहतो तिथे, फूटप्लेटच्या कोपऱ्यात, ती लागते.