फिरते वेळापत्रक (अमेरिकी कॉलेज फुटबॉल)

फिरते वेळापत्रक : अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलमध्ये एका कॉन्फरन्सच्या संघांनी कोणत्या वर्षी कुणाकुणाशी खेळायचे हे आळीपाळीने ठरवण्याची पद्धत. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी आपापसांत बांधलेला गट. त्याची स्वतःची गुणतालिका असते आणि स्वतःचे विजेतेपद. हा फुटबॉल अंडाकृती चेंडूचा आणि धडकाधडकीचा. आठवड्याला एकाहून जास्त सामना खेळाडूंच्या अंगाला झेपत नाही. त्यामुळे नियमित हंगाम १२ सामन्यांचा आणि त्यांतले कॉन्फरन्समधले ८ किंवा ९. कॉन्फरन्स मात्र फुगत फुगत १६, १७, १८ संघांच्या झाल्या आहेत. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळण्याची साखळी पद्धत तिथे बसतच नाही. मग कुणाला यंदा कोण मिळणार आणि कुणाला कोण टळणार, हा प्रश्न उरतो, आणि न्याय-अन्यायाची सगळी भांडणे तिथूनच सुरू होतात.

आकडेच पाहावेत. २०२४ पासून बिग टेन कॉन्फरन्समध्ये (नावात दहा असले तरी) १८ संघ आहेत. त्यांच्या एकूण १५३ जोड्या होतात. प्रत्येकाचे ९ सामने धरले तर हंगामात ८१ सामने होतात आणि ७२ जोड्या एकमेकींचे तोंडही पाहत नाहीत. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसी, १७ संघांची. ८ सामन्यांच्या हिशेबात तिथे १३६ जोड्यांपैकी बरोबर निम्म्याच खेळतात. आयपीएल पाहणाऱ्याला हा प्रकार अगदीच परका नाही. २०२२ पासून तिथे दहा संघ आणि प्रत्येकी १४ साखळी सामने असल्याने पाच संघांशी दोनदा आणि चार संघांशी एकदाच गाठ पडते, आणि दुबळा संघ दोनदा कुणाच्या वाट्याला आला यावर दरवर्षी कुरबुर होते. पण तिथे निदान प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा तरी गाठ पडते.

पद्धतीचा पाया असा, की आज जो टळला तो उद्या येईल. चार-पाच वर्षांत सगळ्यांचे माप सारखे होईल. हिशेब चुकीचा नाही, पण तो वर्षांच्या गठ्ठ्याचा आहे. विजेतेपद दर डिसेंबरला ठरते. यंदा बलाढ्य संघ टळल्यामुळे कुणी अंतिम सामन्यात पोचले, तर तीन वर्षांनी तोच बलाढ्य संघ वाट्याला येऊन यंदाची भरपाई होत नाही. तोवर खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडलेले असतात, प्रशिक्षक बदललेला असतो आणि तो ‘बलाढ्य’ संघही कदाचित तळाला गेलेला असतो. वेळापत्रके काही वर्षे आधी आखली जातात, संघांची ताकद मात्र हंगामागणिक बदलते. समानता नावांची राखता येते, ताकदीची नाही.

फिरत्या पाळीला आजचे महत्त्व आले ते विभागांमुळे. कॉन्फरन्सला विजेतेपदाचा वेगळा अंतिम सामना खेळवायचा असेल तर किमान १२ संघ आणि त्यांचे दोन विभाग हवेत, असा नियम विद्यापीठीय क्रीडा संघटनेने, एनसीएएने, १९८७ मध्ये केला होता. तो खटपट करून मिळवला होता दुसऱ्या श्रेणीतल्या, पेनसिल्व्हेनियातील एका कॉन्फरन्सने. त्याचे सोने केले साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, म्हणजे एसईसीने. तिचे आयुक्त रॉय क्रेमर यांनी आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना यांना घेऊन संघसंख्या १२ वर नेली, पूर्व आणि पश्चिम असे विभाग पाडले, आणि १९९२ मध्ये बर्मिंगहॅमला दोन्ही विभागांतल्या अव्वल संघांचा पहिला अंतिम सामना झाला. अलाबामाने फ्लोरिडाला २८–२१ असे हरवले. तेव्हापासून प्रत्येक संघ आपल्या विभागातल्या सगळ्यांशी खेळे, शिवाय पलीकडच्या विभागातले काही कायमचे प्रतिस्पर्धी आणि काही फिरते.

२०१२ मध्ये मिझूरी आणि टेक्सस ए अँड एम आले, संघ १४ झाले, पण सामने आठच राहिले. वाटणी अशी झाली : विभागातले सहा, पलीकडचा एक कायमचा, आणि एकच फिरता. पलीकडचे उरलेले सहा संघ त्या एका जागेवरून पाळीपाळीने जायचे. म्हणजे एखाद्याशी गाठ सहा वर्षांतून एकदा. तो आपल्या मैदानावर यायचा तर बारा वर्षांतून एकदा. टेक्सस ए अँड एम दाखल झाल्यापासून विभाग मोडेपर्यंतच्या बारा हंगामांत जॉर्जियाचा संघ तिच्या मैदानावर एकदाही उतरला नाही. विद्यार्थी प्रवेश घेऊन पदवीधर होऊन नोकरीला लागला तरी अशा काही संघांचे दर्शन नाही. फिरती पाळी इतकी सावकाश फिरत असेल तर ती फिरते म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

कायमच्या प्रतिस्पर्ध्याचा वाद त्याहून कडवट. अलाबामाचा कायमचा जोडीदार टेनेसी, ऑबर्नचा जॉर्जिया. ऑबर्न–जॉर्जिया ही जोडी १८९२ पासूनची. अलाबामा–टेनेसी सामना ‘ऑक्टोबरचा तिसरा शनिवार’ याच नावाने ओळखला जातो आणि जिंकणारे सामन्यानंतर सिगार पेटवतात. या दोन जोड्या तोडायची कुणाची छाती नव्हती, आणि त्या राखायच्या म्हणून सगळ्यांनाच एकेक कायमचा जोडीदार चिकटवला गेला. लुइझियाना स्टेटच्या, म्हणजे एलएसयूच्या वाट्याला फ्लोरिडा आला. आपल्याच विभागातल्या अलाबामाला दरवर्षी पडझड झालेला टेनेसी आणि आम्हाला दरवर्षी फ्लोरिडा, हा कुठला न्याय, असा प्रशिक्षक लेस माइल्स यांचा आणि विद्यापीठाचा जाहीर सूर होता. कागदावर तक्रार बिनतोड होती : अलाबामाने टेनेसीला २००७ ते २०२१ अशी सलग १५ वर्षे हरवले.

पण हीच तक्रार दुसऱ्या टोकाने धरून पाहावी. १९९५ ते २००१ या काळात टेनेसीने अलाबामाला सलग सात वर्षे हरवले होते आणि १९९८ चे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले होते. तेव्हा तोच जोडीदार अलाबामाच्या गळ्यातले लोढणे होता. आणि ज्या फ्लोरिडाच्या नावाने एलएसयूने बोटे मोडली, त्याला त्यांनी २०१२ ते २०२३ या बारा सामन्यांत नऊ वेळा हरवले. १५ ऑक्टोबर २०२२ ला नॉक्सव्हिलमध्ये टेनेसीने अखेर ५२–४९ अशी बाजी मारली, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानातले गोलखांब उपटून मिरवत नेले आणि टेनेसी नदीत बुडवले. कायमची जोडी रद्द करून वेळापत्रक समतोल करावे असे म्हणणाऱ्यांनी ते दृश्य जमेत धरायला हवे. न्यायाच्या तराजूत फक्त गुण नसतात. ज्या सामन्यासाठी माणसे वर्षभर थांबतात तोही असतो.

परंपरा राखण्याच्या नादात उलटे प्रकारही घडले. एसीसीतले नॉर्थ कॅरोलायना आणि वेक फॉरेस्ट हे एकाच राज्यातले जुने शेजारी. पण वेगवेगळ्या विभागांत पडल्याने त्यांची गाठ दुर्मीळ झाली. शेवटी दोघांनी २०१९ आणि २०२१ मध्ये चक्क कॉन्फरन्सबाहेरचे सामने म्हणून एकमेकांशी खेळायचे ठरवले. २०१९ मध्ये वेक फॉरेस्टने २४–१८ अशी, तर २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने ५८–५५ अशी सरशी केली, आणि एकाच कॉन्फरन्सचे असूनही हे निकाल तिच्या तालिकेत धरले गेले नाहीत. घरच्याच माणसाला पाहुणा म्हणून बोलावण्यातला प्रकार.

विभागांचा दुसरा दोष म्हणजे ताकद एकीकडे साचणे. बिग टेनच्या पूर्व विभागात ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट आणि मिशिगन स्टेट एकत्र होते. २०१४ ते २०२३ या दहाही अंतिम सामन्यांत पूर्वेचाच संघ जिंकला. पश्चिमेत पहिले येणे सोपे, आणि पूर्वेत तिसरे येऊनही त्याहून भारी असणे शक्य, हे सगळ्यांना दिसत होते. मे २०२२ मध्ये एनसीएएने विभागांची अट काढून टाकली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मोठ्या कॉन्फरन्सनी विभाग मोडले. आता एकच तालिका असते आणि पहिले दोन संघ अंतिम सामना खेळतात.

त्यामुळे फिरण्याचा वेग वाढला. बिग टेनमध्ये कायमच्या जोड्यांची संख्याच सारखी ठेवलेली नाही : आयोवाला तीन, पेन स्टेटला एकही नाही. ज्याला जेवढे जुने वैर, तेवढ्या त्याच्या कायमच्या जोड्या. हे असमान आहे, पण सगळ्यांना सारखे जोडीदार वाटून देण्याच्या हट्टापेक्षा मला ते प्रामाणिक वाटते. आता १६ संघांच्या झालेल्या एसईसीने २०२६ पासून ९ सामने, त्यांत तीन कायमचे आणि सहा फिरते, असे ठरवले आहे. दोन वर्षांत सगळ्यांशी एकदा तरी गाठ आणि चार वर्षांत सगळी मैदाने पालथी. या वाटणीत एलएसयूच्या गळ्यातून फ्लोरिडा सुटला, मात्र दरवर्षीचा अलाबामाही गेला. त्यांचे तीन कायमचे जोडीदार आता आर्कान्सा, ओले मिस (मिसिसिपी विद्यापीठ) आणि टेक्सस ए अँड एम.

विभाग गेले तरी दुखणे संपले नाही. ते बरोबरी सोडवण्याच्या नियमांत, म्हणजे टायब्रेकरमध्ये, जाऊन बसले. २०२४ मध्ये बिग टेनमध्ये इंडियाना आणि पेन स्टेट दोघांचेही ८ विजय, १ पराभव झाले. दोघे एकमेकांशी खेळलेच नव्हते. दोघेही हरले होते ओहायो स्टेटकडून, त्यामुळे समाईक प्रतिस्पर्ध्यांवरूनही निकाल लागेना. अखेर कुणाच्या प्रतिस्पर्ध्यांनी जास्त सामने जिंकले ते मोजले गेले आणि पेन स्टेटची वर्णी लागली. इंडियानाचे वेळापत्रक हलके होते खरे, पण ते इंडियानाने आखले नव्हते.

एसीसीत २०२५ मध्ये याचा कळस झाला. व्हर्जिनिया ७–१ (सात विजय, एक पराभव) असा पहिला आला आणि दुसऱ्या जागेसाठी ड्यूक, मायामी, जॉर्जिया टेक, पिट्सबर्ग आणि एसएमयू (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) असे पाच संघ ६–२ वर अडकले. सगळे सगळ्यांशी खेळले नसल्याने आपसांतल्या निकालांनी गाठ सुटेना. जॉर्जिया टेकने ड्यूकला त्याच्याच मैदानावर हरवलेले होते. त्याचाही उपयोग झाला नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या टक्केवारीवर ड्यूक पुढे गेला. एकूण हंगामात त्याचे सात विजय आणि पाच पराभव होते. अंतिम सामन्यात ड्यूकने जादा वेळेत व्हर्जिनियाला २७–२० असे हरवून विजेतेपद पटकावले, आणि तरी राष्ट्रीय प्लेऑफच्या, म्हणजे देशाचा विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीच्या, १२ संघांत एसीसीतून निवड झाली ती मायामीची. निवड समिती वेळापत्रकाची कठीणता स्वतःच्या डोळ्यांनी जोखते, कॉन्फरन्स ती टक्केवारीने मोजते, आणि दोघींची उत्तरे अशी वेगळी येतात.

एसईसीत नऊ सामन्यांना अनेकांचा विरोध होता तो निव्वळ तत्त्वाचा नव्हता. १६ संघांनी आठाऐवजी नऊ सामने खेळले की कॉन्फरन्सच्या पदरी आठ पराभव वाढतात आणि पैसे मोजून बोलावलेल्या छोट्या विद्यापीठांविरुद्धचा एक खात्रीचा विजय जातो. शिवाय नऊ ही विषम संख्या : दरवर्षी निम्म्यांना पाच सामने घरी आणि निम्म्यांना चारच. पुढच्या वर्षी पारडे उलटते, पण पुन्हा तेच, यंदाचे विजेतेपद यंदाच ठरते. एसीसीनेही नऊ सामन्यांकडे जायचे ठरवले आहे. तिथे अडचण आणखी खालची, थेट अंकगणिताची आहे. १७ संघ प्रत्येकी नऊ सामने खेळले तर एकूण १५३ हजेऱ्या होतात आणि एका सामन्याला दोन संघ लागतात. १५३ चे निम्मे होत नाही. म्हणून एका संघाला आठच सामने खेळावे लागणार, आणि तो कोणता यासाठीही पाळी लावावी लागणार.