‘आज डाग नाही’ हीसुद्धा नोंदच

जर्मनीतल्या देसाऊ शहरातले औषधविक्रेते हाइनरिख श्वाबे १८२६ साली एका ग्रहाच्या मागे लागले. बुधाच्याही आत एखादा ग्रह फिरत असेल, तर तो कधीतरी सूर्यबिंबावरून काळ्या ठिपक्यासारखा सरकताना दिसेल, असा त्यांचा होरा होता. सौरडागांच्या गर्दीत तो ठिपका हरवू नये म्हणून सूर्य दिसेल त्या प्रत्येक दिवशी ते सगळे डाग नोंदवू लागले. (अर्थात योग्य गाळणी लावून, तिच्याशिवाय सूर्याकडे कधीही पाहू नये.) एकही डाग नसेल, तर तेही लिहीत.

ग्रह सापडला नाही. तिथे तो नाहीच. पण सतरा वर्षांच्या नोंदी मांडल्यावर डाग साधारण दहा वर्षांच्या अंतराने वाढतात आणि ओसरतात, हे त्यांना दिसलं. आज या सौरचक्राची सरासरी आपण अकरा वर्षं धरतो. ‘काही नाही’ म्हणून त्यांनी कोरे दिवस वगळले असते, तर ही चढउतार वहीत उमटलीच नसती.

आकाशदर्शनाची आवड नव्याने लागलेल्यांना मी म्हणूनच दुर्बिणीच्या आधी वही घ्यायला सांगतो. तारीख, वेळ, ठिकाण, आकाश किती स्वच्छ होतं, चंद्र होता का, नुसत्या डोळ्यांनी पाहिलं की द्विनेत्रीतून, एवढं प्रत्येक नोंदीत हवंच. तारखेचा घोळ मात्र हमखास होतो, कारण रात्र दोन तारखांत विभागलेली असते. खगोलशास्त्रात वापरला जाणारा ज्युलियन दिवस, म्हणजे दिवसांच्या सलग मोजणीतला आकडा, जागतिक वेळेनुसार दुपारी बाराला बदलतो. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे आपली अख्खी रात्र एकाच दिवसांकात बसते! ही सोय टोकियोच्या निरीक्षकाला मिळत नाही.

नुसत्या डोळ्यांनी खरं मोजमाप करायचं, तर रूपविकारी ताऱ्यांसारखा विषय नाही. यांचं तेज कमीजास्त होतं. मृगातला तांबूस तारा काक्षी (बीटलज्यूस) घ्या. त्याची तुलना प्रश्वा (प्रत सुमारे ०.४) आणि रोहिणी (सुमारे ०.९) या ताऱ्यांशी करायची. प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद. काक्षी प्रश्वापेक्षा मंद आणि रोहिणीपेक्षा तेजस्वी वाटला, आणि प्रश्वाकडून मोजता त्या फरकाच्या दोन-पंचमांशावर असावा असं वाटलं, तर प्रत ०.६ लिहायची. तारे क्षितिजापासून साधारण सारख्या उंचीवर असावेत, कारण खालच्या ताऱ्याचं तेज हवा जास्त खाते. आणि तांबड्या ताऱ्याकडे टक लावू नये, तो हळूहळू जास्तच तेजस्वी भासू लागतो. झटकन नजर टाकून ठरवावं.

अशा अंदाजात एकट्या माणसाची चूक दोन-तीन दशांश सहज होते. हजारो निरीक्षकांचे अंदाज एकत्र आले की तेजाच्या आलेखाचा वक्र स्पष्ट होतो. अमेरिकेत १९११ साली स्थापन झालेली रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना, ‘आव्सो’, नेमकं हेच काम करते. पण अमेरिकेत दिवस असताना तारा कोण पाहणार? पृथ्वीच्या या बाजूच्या निरीक्षकांना म्हणूनच मोल होतं, आणि इथे राधागोविंद चंद्र यांचं नाव घ्यायलाच हवं. जेसोरला, म्हणजे आजच्या बांगलादेशात, सरकारी खजिन्यात नोकरी करणारा हा माणूस मॅट्रिकही होऊ शकला नव्हता. हॅलेच्या धूमकेतूने १९१० साली त्यांना झपाटलं, मग त्यांनी छोटी दुर्बीण घेतली आणि ते रूपविकारी तारे नोंदवू लागले. संघटनेने पुढे त्यांच्यासाठी सहा इंची दुर्बीण समुद्रापार पाठवली. १९५४ पर्यंत त्यांनी ३७,००० हून अधिक निरीक्षणं पाठवली. मला हा आकडा कोणत्याही एका शोधापेक्षा मोठा वाटतो. त्यात नोकरीचा थकवा, बंगालचा लांबलचक पावसाळा आणि फाळणीत सुटलेलं घर, सगळं आहे.

या चिकाटीचा उपयोग २०१९ च्या अखेरीस जगाने पाहिला. एरवी ०.५ च्या आसपास असणारा काक्षी मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ पर्यंत उतरला. आता त्याचा स्फोट होणार, अशा बातम्या आल्या. पण ही घसरण खरोखरच असाधारण आहे का, हे सांगता आलं ते दशकानुदशकांच्या हौशी नोंदींमुळेच. काक्षीचं तेज सुमारे चारशे दिवसांच्या लयीतही बदलतं, हे त्यांत आधीच दिसत होतं. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूतून धूळ तयार झाली आणि तिने प्रकाश अडवला, असं पुढच्या अभ्यासांतून दिसलं.

काक्षी आपल्याकडून नोव्हेंबर ते एप्रिल संध्याकाळी किंवा रात्री नीट दिसतो. तो हळू बदलतो, तेव्हा आठवड्यातून एक नोंद पुरेशी आहे. मात्र नोंद करण्याआधी मागचं पान उघडू नका. गेल्या वेळी ०.६ लिहिलं होतं हे आठवलं, की डोळा पुन्हा ०.६ च पाहतो. शंका असेल तर अंदाजापुढे तसं लिहा, पण दुसऱ्या दिवशी इतरांचे आकडे पाहून आपला आकडा खोडू नका.